गाईच्या तळव्याचा व्रण: नुसत्या मलमाने का भरत नाही?

संग्रामपूर तालुक्यातल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात गोठ्याचा चिखल होतो, ओलीने खुरे मऊ पडतात आणि दुधाळ गाई लंगडू लागतात. लंगडणाऱ्या गाईचे आधी तोंड पाहावे. लाळ गळत असेल, जिभेवर आणि खुरांच्या बेचकीत फोड असतील, ताप असेल, तर लाळ्या खुरकूत समजून जनावर वेगळे बांधावे व लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

तोंड स्वच्छ असेल, तर खूर धुऊन तळवा पाहावा. व्रण बहुधा मागच्या पायाच्या बाहेरील नखीत, टाचेच्या थोडा पुढे असतो. आतले हाड तळव्यावर दाबल्याने तो होतो. वजन पडतच राहिले, तर महागडे मलमही वाया जाते. म्हणून पशुवैद्यकाकडून व्रणाभोवतीचे सुटलेले खूर साळून घ्यावे आणि त्याच पायाच्या निरोगी नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवून घ्यावा. दुखरी नखी मग अधांतरी राहते.

एवढे झाल्यावर पोव्हिडोन आयोडीनचे साधे मलम पुरते. पट्टी बांधलीच, तर ओली होताच बदलावी. उघड्या लाल मांसावर मोरचूद भरण्याची सवय मात्र सोडावी. त्याने मांस भाजते, जखम लांबते. मोरचुदाचे ५ टक्के द्रावण बेचकीतला संसर्ग रोखण्यासाठी, पाय बुडवायला असते. गाय कोरड्या, मऊ जागी बांधावी. खुराच्या वर सूज चढली किंवा जखमेत अळ्या दिसल्या, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.