विषाणुजन्य न्यूमोनिया (अहिल्यानगर जिल्हा)

विषाणुजन्य न्यूमोनिया म्हणजे विषाणूंच्या संसर्गामुळे फुप्फुसांतील वायुकोशांना व त्यांच्या भोवतालच्या ऊतींना येणारी सूज होय. घरी, शेतावर, बाजारात किंवा प्रवासात लागण होऊन झालेल्या न्यूमोनियाला 'समुदायार्जित न्यूमोनिया' म्हणतात आणि रुग्णालयात दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर उद्भवणाऱ्या न्यूमोनियापासून तो वेगळा मानला जातो. प्रौढांमधील समुदायार्जित न्यूमोनियाचे कारण म्हणून पूर्वी प्रामुख्याने न्यूमोकोकस या जिवाणूकडे पाहिले जाई. रेणवीय चाचण्या प्रचलित झाल्यानंतर विषाणूंचा वाटा बराच मोठा असल्याचे दिसून आले. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या ग्रामीण भागाच्या संदर्भात या आजाराचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७,०४८ चौ.किमी. आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४५.४ लाख होती व त्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. जिल्ह्यात १४ तालुके आहेत. उत्तरेकडील प्रवरा-गोदावरी खोरे ऊस व साखर कारखान्यांचे, दक्षिण व पूर्वेकडील तालुके अवर्षणप्रवण, तर अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीतील अतिपावसाचा व आदिवासी वस्तीचा आहे. भंडारदरा परिसरातील गावांपासून जिल्ह्याचे मुख्यालय शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. न्यूमोनियाच्या रुग्णाला प्राणवायू किती वेळात मिळतो हे या अंतरावर बरेच अवलंबून असते.

मानमोडीची साथ

जिल्ह्याच्या इतिहासात श्वसनमार्गाच्या विषाणूने केलेला सर्वांत मोठा संहार १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाचा होय. महाराष्ट्रात ही साथ 'मानमोडी' या नावाने ओळखली जाते. पहिली लाट जून १९१८ मध्ये मुंबईत दिसली व ती तुलनेने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट रेल्वेमार्गाने दख्खनच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. त्याच वर्षी पाऊस फसला होता. धान्य महाग झाले होते आणि चारा मिळत नव्हता. उपाशी शरीरावर आजार आला, असे त्या काळाचे वर्णन करता येईल. बळींमध्ये २० ते ४० वयोगटातील स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने होते, आणि कमावती माणसेच आजारी पडल्याने शेतीची कामे व रुग्णांची शुश्रूषा दोन्ही ठप्प झाली.

१९११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. १९२१ मध्ये ती सुमारे ७.३ लाखांवर आली. ही सगळी घट इन्फ्लुएंझाच्या खात्यावर टाकणे मात्र योग्य नाही. १९१८ चा दुष्काळ आणि १९२०-२१ च्या टंचाईत झालेले स्थलांतर यांचाही त्यात मोठा वाटा आहे. संपूर्ण भारतातील मृत्यूंचे अंदाज साधारण १.२ ते २ कोटींच्या दरम्यान दिले जातात. त्या काळी या रोगाचे कारण एक जिवाणू मानले जाई. मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ मध्ये वेगळा करण्यात आला. जतन केलेल्या ऊतींच्या पुढील अभ्यासांतून असे दिसले की, त्या साथीतील बहुतेक मृत्यू विषाणूने दुखावलेल्या फुप्फुसात नंतर शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियामुळे झाले असावेत.

कारक विषाणू

*इन्फ्लुएंझा* : प्रौढांमध्ये गंभीर न्यूमोनिया करणाऱ्या विषाणूंत ए व बी प्रकारचे इन्फ्लुएंझा विषाणू सर्वांत महत्त्वाचे आहेत. २००९ च्या जागतिक साथीत 'स्वाइन फ्लू' या नावाने ओळखल्या गेलेल्या एच१एन१ विषाणूचा भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात नोंदवला गेला. तोच विषाणू आता हंगामी झाला असून २०१५ मध्ये महाराष्ट्रात त्याचा पुन्हा मोठा उद्रेक झाला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रामार्फत शिरूर-हवेली तालुक्यांतील वढू परिसरात इन्फ्लुएंझाचे लोकसंख्याधारित सर्वेक्षण झाले आहे. हा परिसर पारनेर व श्रीगोंदा तालुक्यांपासून फार दूर नाही, आणि हवामान व राहणीही मिळतीजुळती असल्याने तेथील निष्कर्ष अहिल्यानगरच्या दक्षिण भागाला लागू करणे वाजवी ठरते. तेथे इन्फ्लुएंझाचा जोर मुख्यतः पावसाळ्यात आढळला. थंडीत येणारा आजार ही युरोप-अमेरिकेतील कल्पना येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. पश्चिम महाराष्ट्रात जुलै ते सप्टेंबर हा मुख्य व जानेवारी ते मार्च हा दुय्यम हंगाम असतो.

*करोना विषाणू* : मार्च २०२० पासून सार्स-कोव्ह-२ हा जिल्ह्यातील विषाणुजन्य न्यूमोनियाचे प्रमुख कारण ठरला (पाहा : कोव्हिड-१९).

*इतर विषाणू* : ऱ्हायनोव्हायरस, श्वसनमार्गी सिन्सिशियल विषाणू (आरएसव्ही), मानवी मेटान्यूमोव्हायरस, पॅराइन्फ्लुएंझा व ॲडिनोव्हायरस हे प्रौढांतही न्यूमोनिया करतात. आरएसव्ही हा बालकांचा विषाणू समजला जातो. परंतु वृद्ध व जुनाट दमेकऱ्यांत तो इन्फ्लुएंझाइतकाच त्रासदायक ठरू शकतो. बालपणी कांजिण्या न झालेल्या प्रौढाला, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यास किंवा गर्भवतीस, कांजिण्यांसोबत तीव्र न्यूमोनिया होऊ शकतो. अंगावरील पुरळ पाहून 'देवी आल्या' म्हणून घरीच ठेवलेल्या रुग्णात हे लक्षात यायला उशीर होतो.

विषाणूंचा एकूण वाटा समजण्यासाठी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. शिकागो व नॅशव्हिल येथील रुग्णालयांत दाखल झालेल्या प्रौढांपैकी २३ टक्के रुग्णांत केवळ विषाणू, ११ टक्के रुग्णांत केवळ जिवाणू व ३ टक्के रुग्णांत दोन्ही आढळले. ऱ्हायनोव्हायरस ९ टक्के, इन्फ्लुएंझा ६ टक्के व न्यूमोकोकस ५ टक्के असा क्रम होता. सर्व चाचण्या करूनही ६२ टक्के रुग्णांत कोणताच जंतू सापडला नाही. नाकातील स्रावात विषाणू सापडला म्हणजे फुप्फुसातील आजार त्याचाच, असेही नेहमी म्हणता येत नाही.

ग्रामीण जोखीम घटक

चुलीच्या धुरामुळे श्वासनलिकेच्या आतील आवरणाची जंतू बाहेर ढकलण्याची क्षमता घटते. त्यामुळे कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांतही जुनाट श्वसनरोध आढळतो व अशा फुप्फुसात साधे सर्दीचे विषाणूही खोलवर उतरतात. मधुमेह, मद्यपान, विडी, कुपोषण, पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग आणि गर्भारपण हे इतर घटक होत.

ऊसतोडणी कामगारांचा स्वतंत्र उल्लेख करायला हवा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे गळीत हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, कारखान्यांच्या परिसरात कोप्यांत राहतात. एका कोपीत संपूर्ण कुटुंब, तिथेच चूल, पहाटेच्या थंडीत तोडणी आणि काम बुडाले तर मजुरी बुडते ही भीती. अशा परिस्थितीत ताप अंगावर काढला जातो. कारखान्याच्या आवारात बुरशी लागलेल्या बगॅसची धूळ हुंगल्याने होणारा 'बगॅसोसिस' हा आजारही ताप, खोकला व धाप यांमुळे न्यूमोनियासारखा दिसतो. तो संसर्ग नसून ॲलर्जीजन्य आहे. म्हणून रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारणे आवश्यक ठरते.

लक्षणे व निदान

सुरुवातीस ताप, अंगदुखी, घसादुखी व कोरडा खोकला असतो. तीन ते सात दिवसांत धाप वाढते. जिवाणुजन्य न्यूमोनियात अचानक हुडहुडी, छातीत एका बाजूस कळ व गढूळ बेडका अधिक दिसतो. मात्र केवळ लक्षणांवरून किंवा क्ष-किरण चित्रावरून दोहोंत खात्रीने फरक करता येत नाही. सुधारू लागलेला फ्लूचा रुग्ण पुन्हा तापला तर जिवाणूंचा दुय्यम संसर्ग झाल्याची शंका घ्यावी.

प्रयोगशाळा नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चार गोष्टींवरून तीव्रता ठरवता येते : भान हरपणे किंवा गोंधळलेपणा, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, रक्तदाब ९०/६० च्या आसपास किंवा खाली, आणि वय ६५ किंवा अधिक. करोना काळात आशा कार्यकर्त्यांकडे पल्स ऑक्सिमीटर आले. प्राणवायूची पातळी घसरूनही रुग्णाला धाप जाणवत नाही, हे त्या काळात दिसल्याने सहा मिनिटे चालवून पातळी पुन्हा मोजण्याची पद्धत रूढ झाली.

विषाणूची ओळख घशातील वा नाकातील स्रावाच्या आरटी-पीसीआर चाचणीने पटते. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (स्थापना १९५२, विषाणू संशोधन केंद्र या नावाने) ही या क्षेत्रातील देशातील प्रमुख प्रयोगशाळा आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयरोगासाठी बेडका तपासणे आवश्यक असते.

उपचार

प्राणवायू, पुरेसे द्रव व विश्रांती हा उपचाराचा पाया आहे. इन्फ्लुएंझाची शंका असल्यास प्रौढांना ओसेल्टामिव्हिर ७५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा पाच दिवस देतात. ते पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक उपयुक्त ठरते, म्हणून गंभीर रुग्णात अहवालाची वाट पाहिली जात नाही. कांजिण्यांच्या न्यूमोनियावर ॲसायक्लोव्हिर देतात. प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. खेड्यांतील 'इंजेक्शन आणि सलाईन'च्या प्रथेमुळे प्रतिरोध वाढतो आणि इन्फ्लुएंझावरील औषधाचे पहिले दोन दिवसही निसटतात. स्टेरॉइडमुळे प्राणवायू लागणाऱ्या करोना रुग्णांतील मृत्यू घटले. पण गरज नसताना किंवा अधिक मात्रेत ती दिल्याने रक्तशर्करा वाढते, आणि २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढण्यामागे हे एक कारण मानले जाते.

कोव्हिड-१९ आणि जिल्हा

पहिल्या लाटेत शहरांपुरती वाटणारी साथ २०२१ च्या दुसऱ्या लाटेत वस्त्यांपर्यंत गेली. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांची पथके नेमून घरोघर तपासणी व लवकर विलगीकरण केले आणि मे २०२१ मध्ये गाव करोनामुक्त झाल्याचे जाहीर झाले. पुढील महिन्यात राज्य शासनाने 'कोरोनामुक्त गाव' स्पर्धा सुरू केली. पारनेर तालुक्यातील भाळवणी येथे लोकसहभागातून मोठे उपचार केंद्र उभे राहिले. राज्यात अन्यत्र साथ ओसरत असताना ऑक्टोबर २०२१ मध्ये जिल्ह्यातील ६१ गावांत पुन्हा निर्बंध लावावे लागले.

प्रतिबंध

इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी घ्यावी लागते. पश्चिम महाराष्ट्रातील हंगाम पाहता ती पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये घेणे श्रेयस्कर. दुय्यम संसर्ग टाळण्यासाठी वृद्ध व मधुमेहींना न्यूमोकोकसची लसही दिली जाते. धूरविरहित इंधन, हवेशीर घर, विडी सोडणे, खोकताना तोंडावर रुमाल धरणे आणि आजारी व्यक्तीने यात्रा, लग्न व आठवडे बाजार टाळणे हे इतर उपाय होत.