डिझेल इंजेक्टर क्लीनर
इंजेक्टरच्या नोझलवर साचलेली काजळी व चिकट थर सैल करण्यासाठी डिझेलमध्ये मिसळायचे रसायन. कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० बार व त्याहूनही अधिक दाबाने फवारले जाते. नोझलची छिद्रे मात्र केसाएवढी बारीक, साधारण ०.१ ते ०.२ मिमी. व्यासाची. तिथे थर बसला की फवारा विस्कटतो, काळा धूर येतो, गाडी चढाला दम टाकते. महाडच्या खाडीपट्ट्यातील तुडील गावची गाडी पोलादपूरहून आंबेनळी किंवा कशेडी घाटाला लागली, की हा दोष लगेच जाणवतो.

क्लीनरमध्ये बहुधा पॉलिआयसोब्युटिलीन सक्सिनिमाइडसारखे अपमार्जक असते. त्याच्या रेणूचे एक टोक मळाला धरते, दुसरे डिझेलमध्ये विरघळते. सुटलेला मळ सिलिंडरमध्ये जळतो. बाटलीवरचे प्रमाण पाळून ते टाकीत ओततात आणि वर डिझेल भरतात. बीएस-६ गाडीत धुराच्या नळीला काजळीचा फिल्टर असतो, म्हणून कंपनीची पुस्तिका आधी पाहावी.

इंजेक्टरची सुई झिजली असेल, इंजेक्टर गळत असेल, तर क्लीनर निरुपयोगी. इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर तपासावा लागतो. टाकीत शिरलेल्या पाण्यावरही क्लीनरचा इलाज नाही. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर बुडाले. अशा पुरात टाकीत पाणी शिरले, तर गाडी स्टार्ट न करता टाकी उपसून डिझेल फिल्टर बदलणे हाच उपाय. स्वस्त म्हणून रॉकेल मिसळणे तर घातकच: त्याचे वंगण अपुरे पडून उच्चदाब पंप घासला जातो.