ग्रीक भाषेतील तोरा आणि अलेक्झांड्रियाचे यहुदी धर्मजीवन

इ. स. पू. ३३१ मध्ये स्थापन झालेल्या अलेक्झांड्रिया नगरीत टॉलेमी राजवटीच्या काळात यहुदी समाज मोठ्या संख्येने स्थायिक झाला. काही पिढ्यांतच त्याची व्यवहाराची भाषा ग्रीक झाली. हिब्रू ही पूर्वजांची पवित्र भाषा खरी, पण ती सर्वसामान्यांच्या आकलनाबाहेर जाऊ लागली. ज्या धर्माचा आधारच लिखित वचन आहे, त्या धर्माच्या अनुयायांना ते वचन कळेनासे होणे हे मोठेच संकट होते. इ. स. पू. तिसऱ्या शतकात तोरा ग्रीक भाषेत उतरला, तो या पार्श्वभूमीवर.

या भाषांतराची कथा ‘अरिस्टीअसचे पत्र’ या ग्रंथात येते. टॉलेमी दुसरा फिलाडेल्फस याने आपल्या ग्रंथालयासाठी जेरुसलेमहून ७२ विद्वान बोलाविले आणि त्यांनी फारोस बेटावर ७२ दिवसांत काम पूर्ण केले, असे त्यात म्हटले आहे. लेखक स्वतःला ग्रीक दरबारी म्हणवितो; प्रत्यक्षात तो अलेक्झांड्रियाचाच यहुदी असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजाच्या जिज्ञासेपेक्षा समाजाची गरज हेच या भाषांतराचे खरे कारण असणे अधिक संभवते. तरीही राजाने मागणी केली असे सांगण्यात समाजाला अभिमान वाटत होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. या ग्रीक ग्रंथाला पुढे ‘सेप्टुअजिंट’ हे नाव रूढ झाले.

धर्माचरणाचे केंद्र प्रार्थनागृह होते. अलेक्झांड्रियाजवळील स्केडिया येथील शिलालेखात टॉलेमी तिसरा आणि राणी बेरेनिके यांच्या नावे यहुद्यांनी प्रार्थनागृह अर्पण केल्याची नोंद आहे. त्यातील शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. वास्तू राजाला अर्पण केलेली नाही, तर राजाच्या वतीने, त्याच्या कल्याणार्थ अर्पण केलेली आहे. राजाला देव मानणाऱ्या राज्यात राजनिष्ठा आणि एकेश्वरनिष्ठा या दोहोंचा मेळ एका शब्दयोगी अव्ययाने घातला गेला.

भाषेबरोबर विचारही बदलला. तोरासाठी ‘नोमोस’, म्हणजे कायदा, हा शब्द योजल्याने धर्मशिक्षणाला ग्रीक नगरराज्याच्या विधिसंहितेचा अर्थ चिकटला. निर्गम ग्रंथात मोशेला उत्तर देताना ईश्वर स्वतःविषयी जे सांगतो, त्याचे ग्रीक रूप ‘जो सत् आहे तो’ असे झाले. प्लेटोच्या वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नव्हते. त्याच ग्रंथातील ईश्वरनिंदेच्या निषेधाचे वचन ग्रीकमध्ये अनेकवचनी झाले. त्यावरून फायलोने इतरांच्या देवतांचीही निंदा करू नये, असा अर्थ काढला. भाषांतरकाराच्या एका प्रत्ययातून परधर्मीयांशी वागण्याचा नियम निघाला, असे म्हणता येईल.

फायलो (सुमारे इ. स. पू. २० ते इ. स. ५०) हा या परंपरेचा सर्वांत मोठा विचारवंत. तोरातील कथांचा तो रूपकात्मक अर्थ लावतो. परंतु या पद्धतीतील धोकाही त्याने ओळखला होता. आचाराचा गूढार्थ कळला की आचाराची गरज उरत नाही, असे मानणारे काही यहुदी त्याच्या काळात होते. अब्राहमाच्या स्थलांतरावरील ग्रंथात तो त्यांना स्पष्ट शब्दांत दोष देतो. शब्बाथ हे ईश्वराच्या सामर्थ्याचे प्रतीक असले तरी त्या दिवशी अग्नी पेटविणे, शेत कसणे किंवा कर्जवसुली करणे योग्य ठरत नाही. सुंता हे वासनात्यागाचे चिन्ह असले तरी सुंतेचा विधी सोडता येत नाही. आचार हे शरीर आणि अर्थ हा आत्मा. आत्म्याचे घर म्हणून शरीराची निगा राखलीच पाहिजे, अशी त्याची भूमिका आहे. त्याच्या संपूर्ण लेखनात या भूमिकेइतका व्यावहारिक आणि इतका चिंतित सूर क्वचितच आढळतो.

ही चिंता निराधार नव्हती. त्याचा सख्खा पुतण्या टिबेरिअस ज्युलिअस अलेक्झांडर पूर्वजांचा आचार सोडून रोमन सेवेत गेला. इ. स. ६६ मध्ये इजिप्तचा प्रशासक या नात्याने त्यानेच अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांवर सैन्य सोडले.

ग्रीक विद्या आत्मसात केल्याने नगरीत समान स्थान मात्र मिळाले नाही. इ. स. ३८ मध्ये फ्लाकस प्रशासक असताना यहुद्यांवर हल्ले झाले आणि प्रार्थनागृहांत सम्राट गायसच्या प्रतिमा बसविण्यात आल्या. वृद्ध फायलो शिष्टमंडळ घेऊन रोमला गेला, पण तेथे त्याच्या वाट्याला उपहासच आला. इ. स. ४१ मध्ये क्लॉडिअसने आपल्या पत्रात यहुद्यांना स्वधर्माचरणाची मुभा दिली. त्याच पत्रात, आपली नसलेल्या नगरीत ते राहत असल्याची जाणीवही करून दिली. इ. स. ११५ ते ११७ च्या उठावानंतर हा समाज जवळजवळ नष्ट झाला.

भाषांतराविषयीचे मतही पुढे पालटले. फारोस बेटावर त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी उत्सव होई आणि त्यात यहुद्यांबरोबर इतरही सहभागी होत, असे फायलो सांगतो. उत्तरकालीन ‘सोफेरीम’ या ग्रंथाने मात्र तो दिवस सुवर्णवत्स घडविल्याच्या दिवसाइतका दुर्दिन ठरविला. फायलोचे ग्रंथ ख्रिस्ती लेखनिकांनी जतन केले. यहुदी विद्वत्तेत त्याची सविस्तर दखल घेतली गेली ती इ. स. १५७३ मध्ये, इटलीतील अझारिया दे रॉसी याच्या हिब्रू ग्रंथात. तेथे त्याचे ग्रीक नाव बदलून ‘येदिद्या’ असे हिब्रू नाव दिलेले आहे.