पोवाड्यांचा साहेब आणि उकंड्यातला वायू

१९८०-८५चा काळ असेल. हदगावला आमच्या गल्लीत एका पाटलांच्या वाड्यात गोबरगॅस बसला. निळी ज्योत बघायला अख्खी गल्ली लोटली. माझी अम्मीही गेली. परत येऊन म्हणाली, "धुआँ नै, राख नै, ये कैसी आग हे बाई!" आणि पुन्हा पऱ्हाटी मोडून चूल फुंकायला बसली. आमच्या दारात जनावर नव्हतं. शेण नाही म्हणून गॅस नाही, इतका साधा हिशेब होता.

या निळ्या ज्योतीचं आपल्या महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. हॅरी ॲक्वर्थ नावाचे एक इंग्रज अधिकारी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. कवितेच्या वाटेनं जाणाऱ्या माझ्यासारख्याला हे नाव वेगळ्याच कारणानं ठाऊक होतं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत त्यांनी मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले आणि १८९४ साली त्यांतल्या काहींचा इंग्रजी पद्यानुवाद केला. याच साहेबांच्या पुढाकारानं १८९० साली माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला. पुढे त्याला त्यांचंच नाव मिळालं. ते पद सोडून गेल्यावर, १८९७ साली, या आश्रमातल्या मैल्याच्या टाक्यांवर वायू धरण्याची सोय झाली. तो वायू उजेडासाठी आणि पुढे इंजिनासाठी वापरला गेला. ज्यांची सावलीही लोक टाळत, त्यांच्या मैल्यातून उजेड निघाला, तोही मुंबईत प्लेग थैमान घालत होता त्या वर्षी!

त्यानंतर पन्नासच्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचा नमुना घडवला. खादी आयोगानं तो उचलला. १९८१-८२पासून केंद्राच्या योजनेतून तो खेडोपाडी पोचला आणि आमच्या गल्लीतही आला.

आता त्या टाकीच्या पोटात डोकावू या. शेणकाला कुजताना जिवाणूंच्या दोन जमाती कामाला असतात. पहिली जमात साखर, स्टार्च फोडून आम्लं तयार करते आणि त्यासोबत हायड्रोजन सोडते. दुसरी जमात लगेच तो हायड्रोजन खाऊन मिथेन बनवते. आपल्या शेगडीत जळतो तो हा मिथेन. म्हणजे ज्याला आज उद्याचं इंधन म्हणतात, तो हायड्रोजन पाटलांच्या टाकीत रोजच जन्मत होता आणि टाकीतच संपत होता.

हे गुपित तसं जुनंच. १८६१ साली लुई पाश्चर यांना हवेशिवाय जगणारे जिवाणू सापडले. त्यांच्या आंबवणातून निघालेल्या वायूत हायड्रोजन होता. शास्त्रज्ञांनी पुढे युक्ती काढली. विरजणाचा काला आधी चांगला तापवायचा. मिथेनवाली जमात उष्णतेनं मरते. हायड्रोजनवाल्यांतले काही जिवाणू मात्र बीजाणूंच्या कवचात तग धरतात. मग काला थोडा आंबट ठेवायचा, की हायड्रोजन हाती लागतो. जळाल्यावर त्याचं फक्त पाणी होतं. खोट एकच. ग्लुकोजच्या एका रेणूतून फार तर हायड्रोजनचे चार रेणू मिळतात, बाकी ऊर्जा आम्लात अडकून राहते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं याच वाटेवर काम केलं. भात, गहू, मका यांच्या काडापासून, काडावर आधी वेगळी प्रक्रिया न करता, खास निवडलेल्या जिवाणूंच्या मदतीनं वायू आणि त्यातून हायड्रोजन मिळवण्याचं तंत्र २०२१ साली जाहीर झालं. पुण्यातल्याच एका कंपनीची प्रयोगशाळा त्यात सोबत होती. नेहमीच्या पद्धतीपेक्षा ते पंचवीस टक्के अधिक कार्यक्षम असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. २१ ऑगस्ट २०२२ला पुण्यात हायड्रोजनवर चालणारी देशी बनावटीची बसही लोकांसमोर आली.

माझं मन मात्र त्या वाड्यात अडकतं. पाटलांचे बैल विकले गेले, ट्रॅक्टर आला, शेण आटलं. टाकी गंजली, पुढे तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. अम्मी तर धुरात खोकतच म्हातारी झाली. माटुंग्यात उजेड निघाला तो समाजानं टाकून दिलेल्यांच्या टाकीतून, आणि आमच्या गावात तो अडकला गोठा असणाऱ्यांच्या दारात.

नव्या तंत्राला गोठ्याची अट नाही, त्याला काड हवं. आमच्या शिवारात पऱ्हाटी बांधावर पेटवली जाते. ती लाकडासारखी चिवट, जिवाणूंना लवकर पचत नाही. संशोधकांना तिच्याशी झुंजावं लागेल. पण ती पचलीच, तर पहिली ज्योत कुणाच्या चुलीत पेटणार, हे जिवाणू ठरवणार नाहीत. ते आपल्यालाच ठरवावं लागेल.