नारूला हरवलं ते फडक्यानं

आजच्या भागात आम्ही तुम्हाला नारूची गोष्ट सांगणार आहोत. तरुण मुलींनी हे नाव ऐकलंही नसेल. पण तुमच्या गटात कुणी वयस्कर आजी असतील तर त्यांना विचारा. कदाचित त्यांनी नारू झालेला माणूस डोळ्यांनी पाहिला असेल.

नारू म्हणजे एक जंत. दोऱ्यासारखा बारीक, पांढरा, आणि लांबीला जवळपास एक मीटर. तो बहुतेक वेळा माणसाच्या पायातून बाहेर यायचा. आधी फोड यायचा, भयंकर आग व्हायची, मग फोड फुटून जंताचं टोक दिसायचं. ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली आणि जंत तुटला, तर पाय सुजायचा, पिकायचा. अख्खा जंत निघायला कित्येक आठवडे लागायचे. ऐन पेरणीत नाहीतर कापणीत माणूस खाटेला खिळायचा. घरातल्या बाईला नारू झाला तर पाणी कुणी भरायचं, चूल कुणी पेटवायची, लेकरांकडे कुणी बघायचं?

हा रोग पसरायचा तो पाण्यातून. पायाची आग थांबावी म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवायचा. शिवाय पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत किंवा तळ्यात उतरल्याशिवाय पाणी भरताच येत नसे. पाय पाण्यात गेला की मादी जंत आपली असंख्य पिल्लं पाण्यात सोडायची. सायक्लॉप्स नावाचा एक पाण्यातला जीव असतो, जेमतेम ठिपक्याएवढा. तो ही पिल्लं खायचा. तेच पाणी हंड्यात यायचं, हंड्यातून पोटात जायचं. आत जंत वाढायचा आणि साधारण वर्षभरानं पायातून बाहेर पडायचा.

वर्षभरानं! खरी मेख इथंच होती. रात्री शिळं खाल्लं आणि सकाळी पोट बिघडलं, तर कारण कुणीही सांगेल. पण गेल्या साली प्यायलेल्या पाण्याचा यंदाच्या जखमेशी संबंध कोण लावणार? 1870 च्या सुमाराला अलेक्सेई फेडचेन्को या रशियन शास्त्रज्ञानं मध्य आशियात काम करताना या जंताचा आणि सायक्लॉप्सचा संबंध दाखवून दिला. म्हणजे कारण तेव्हाच कळलं होतं. पण ते कळल्यापासून भारतातून नारू जायला सव्वाशे वर्षं लागली.

एवढा उशीर का झाला? एक तर या रोगावर लस नव्हती आणि जंत मारणारं औषधही नव्हतं. देवीसाठी लस होती, पोलिओसाठी डोस आहेत. नारूसाठी होती ती फक्त माहिती. आणि ती माहिती पुस्तकात असून उपयोग नव्हता. ती पाणी भरणाऱ्या हातांपर्यंत पोचायला हवी होती.

1983-84 मध्ये भारत सरकारनं नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू केला. तेव्हा सात राज्यांतल्या 12 हजारांहून जास्त गावांत मिळून सुमारे 40 हजार रुग्ण सापडले. त्या सात राज्यांत आपला महाराष्ट्रही होता. आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन रुग्ण शोधू लागले. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून किंवा बदलून वरून पाणी शेंदायची सोय केली गेली. हापसे बसवले गेले. पाण्यातले सायक्लॉप्स मारायला टेमिफॉस नावाचं औषध टाकलं जायचं. लोकांना मुख्य गोष्टी दोनच सांगितल्या जायच्या. नारू झालेल्या माणसानं पिण्याच्या पाण्यात उतरायचं नाही, आणि पिण्याचं पाणी दुपदरी फडक्यानं गाळल्याशिवाय प्यायचं नाही.

ऐकायला किती सोपं! पण मैत्रिणींनो, रोज हंडा भरताना फडकं बांधायचं, ते धुवायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायचं, शेतावर जातानाही विसरायचं नाही. हे काम सरकारी कागदावर झालं नाही. ते बायकांनी केलं. शिवाय एका घरानं गाळून भागणार नव्हतं. एक माणूस जखमेचा पाय घेऊन पाण्यात उतरला, तरी ते पाणी पिणाऱ्या सगळ्यांना धोका. वस्ती वरची असो की खालची, सगळ्यांनी पाळलं तरच नारू जाणार होता.

आणि तो गेला. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. पुढं काही वर्षं बारीक नजर ठेवून, फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. 1986 च्या सुमाराला जगात दरवर्षी अंदाजे 35 लाख लोकांना नारू व्हायचा. 2023 साली साऱ्या जगात फक्त 14 रुग्ण सापडले.

फडक्याची ताकद आणखी एका ठिकाणी दिसली. बांगलादेशातल्या मतलब भागात पटकी, म्हणजे कॉलरा, नेहमीचा. तिथं 65 गावांत एक अभ्यास झाला, तो 2003 साली छापून आला. जुन्या सुती साडीचे अनेक पदर करून पाणी गाळलं, तर पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्यानं कमी झाले. कारण पटकीचे जंतू सायक्लॉप्सच्याच जातकुळीतल्या बारीक जीवांना चिकटून राहतात. पण पाच वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हा शंभरातल्या 31 बायकाच पाणी गाळत होत्या.

म्हणून आम्हाला वाटतं, आरोग्याच्या ज्ञानाची परीक्षा तोंडी घेऊन कळत नाही. "पाणी गाळावं का?" असं विचारलं तर सगळ्याच "हो" म्हणतील. खरं उत्तर माठाजवळ सापडतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. फडक्यानं सगळे जंतू अडत नाहीत. कावीळ, जुलाब, विषमज्वर टाळायचा तर गाळलेलं पाणी उकळायला हवं, नाहीतर त्यात क्लोरीनचं औषध प्रमाणात टाकायला हवं.

आता पुढच्या बैठकीसाठी चार प्रश्न देतो. उत्तरं पाठ करू नका, घरी आणि गावात जाऊन बघून या.

माठावर झाकण आणि दांड्याचं ओगराळं आहे का? गाळायचं फडकं शेवटचं कधी धुतलं? गावच्या विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर नियमित पडते का? आणि पाण्याची ओटी टेस्ट शेवटची कधी झाली, पाणी पिवळं झालं का? शेवटचे दोन प्रश्न जलसुरक्षकाला आणि आशाताईंना विचारा. नीट उत्तर मिळालं नाही, तर तोच विषय ग्रामसभेत मांडा.