कॉव्हेंट्री आणि ड्रेसडेन

युद्धाचा इतिहास वाचतांना आपलें लक्ष सेनापति, तह आणि सीमा यांकडेंच वेधलें जातें. परंतु युद्धाचा खरा हिशेब ज्या शहरांच्या अंगावर लिहिला गेला, तीं पाहिल्यावांचून तो पुरता उमगत नाहीं. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री आणि जर्मनींतील ड्रेसडेन येथें हिंडतांना मला याचा प्रत्यय आला.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं कॉव्हेंट्रीवर आग ओतली. ५५० हून अधिक माणसें मेलीं व मध्ययुगीन कॅथीड्रलच्या केवळ भिंती आणि मनोरा उरला. १३ फेब्रुवारी १९४५ पासून ब्रिटिश व अमेरिकन विमानांनीं ड्रेसडेन जाळलें. तेथें सुमारें २५,००० लोक प्राणांस मुकले आणि फ्राउएनकिर्ख या चर्चचा प्रचंड घुमट कोसळला. नाझी प्रचारकांनीं मृतांचा आंकडा कित्येक पटींनीं फुगविला होता. शहरानेंच नेमलेल्या इतिहासकारांनीं २०१० मध्यें तो सत्यावर आणिला.

कॉव्हेंट्रीच्या लोकांनीं भग्न भिंती पाडल्या नाहींत. त्यांच्या शेजारीं १९६२ मध्यें नवें कॅथीड्रल उभें केलें. जळालेल्या छपराच्या खिळ्यांचे क्रूस करून त्यांनीं ते जर्मन शहरांस पाठविले. असा एक क्रूस आज फ्राउएनकिर्खमध्यें आहे. जवळजवळ अर्धें शतक ढिगाऱ्याच्या रूपानें पडलेलें हें चर्च २००५ मध्यें पुन्हां उघडलें. त्याच्या घुमटावरील सोनेरी क्रूस लंडनच्या एका सोनारानें घडविला. त्या सोनाराचा पिता ड्रेसडेनवरील हल्ल्यांत वैमानिक होता.

येथें एक आक्षेप संभवतो. दोन्ही शहरांचें दुःख एकाच पंक्तीस बसविलें, म्हणजे युद्ध पेटविणाऱ्या नाझी सत्तेचा अपराध सौम्य होत नाहीं काय? मला तसें वाटत नाहीं. अपराधाचा न्याय वेगळा, दुःखाचें नातें वेगळें. पहिल्यासाठीं आंकडे खरे हवेत; दुसऱ्यासाठीं शत्रूच्या मृतांनाही माणूस मानण्याचें धैर्य हवें. यांतील एक सोडलें तर उरतो तो सूड, आणि दुसरें सोडलें तर उरते ती पोकळ गोड भाषा.

फ्राउएनकिर्खच्या नव्या भिंतींत जुने काळवंडलेले दगड तसेच बसविले आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्यास ते सहज ओळखूं येतात, आणि भिंत त्यांच्यासह उभी आहे.