ॲस्पिरिन लागू पडत नाही, ते कुणामुळे?

डोकेदुखीवरची गोळी म्हणून ॲस्पिरिन घराघरांत ठाऊक आहे. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झालेल्या रुग्णांपैकी अनेकांना, पुन्हा झटका येऊ नये म्हणून, हीच गोळी लहान मात्रेत रोज दिली जाते. तरीही काहींना दुसरा झटका येतोच. दोष कुणाचा? गोळीचा, रुग्णाच्या जनुकांचा, की आणखी कशाचा? या प्रश्नाचा शोध कसा लागत गेला, ते आपण पाहू.

कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर होते. टॉन्सिल काढल्यानंतर ॲस्पिरिनचे च्युइंगम भरपूर चघळणाऱ्या रुग्णांत रक्तस्राव जास्त होतो, हे त्यांच्या लक्षात आले. मग ॲस्पिरिनने गुठळ्याही टळतील, असा तर्क त्यांनी केला. सुमारे ८,००० पुरुषांना ॲस्पिरिन देऊन चांगला गुण आल्याचे त्यांनी १९५६ मध्ये लिहिले. पण तुलनेसाठी ॲस्पिरिन न घेणारा गटच त्यांच्याकडे नव्हता. त्यांच्या म्हणण्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

ॲस्पिरिनच्या कार्याचा उलगडा १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन व्हेन यांनी केला. रक्तातील प्लेटलेट्स, म्हणजे रक्तपट्टिका, एकमेकींना चिकटल्या की गुठळीची सुरुवात होते. त्यासाठी त्या थ्रॉम्बोक्सेन नावाचे रसायन सोडून शेजारणींना जणू हाक मारतात. हे रसायन बनवण्यासाठी सायक्लोऑक्सिजनेज हे विकर लागते. ॲस्पिरिन आपला ॲसिटिल गट या विकराला जोडून ते कायमचे निकामी करते, हे रॉथ आणि माजेरस यांनी १९७५ मध्ये दाखवले. रक्तपट्टिकेत केंद्रक नसते, त्यामुळे तिला नवे विकर पुरेसे बनवता येत नाही. तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात ही हाक बंदच राहते. म्हणूनच रोजची लहान मात्रा पुरते.

१९७८ मध्ये कॅनडातील ५८५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. इथे तुलनागट होता. ॲस्पिरिनमुळे पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. धोका घटला, संपला मात्र नाही.

उरलेल्या रुग्णांचे काय? शिकागोतील कॅथी हेल्गासन आणि सहकाऱ्यांनी पक्षाघात झालेल्या ३०६ रुग्णांचे रक्त तपासून १९९४ मध्ये निष्कर्ष मांडले. ७८ जणांत ॲस्पिरिनचा परिणाम अपुरा होता. ‘ॲस्पिरिन-प्रतिरोध’ हा शब्द रूढ झाला आणि जनुकांचा शोध सुरू झाला. सर्वाधिक संशय होता तो रक्तपट्टिकेच्या पृष्ठावरील, फायब्रिनोजेन पकडणाऱ्या प्रथिनाच्या जनुकावर. त्यातील एका अक्षराच्या बदलाने ल्युसिनच्या जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल येते. २००८ मध्ये अशा ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. निरोगी माणसांत या बदलाचा संबंध दिसला, पण हृदय-रक्तवाहिन्यांच्या रुग्णांत तो टिकला नाही.

खरे तर एक इशारा १९९४ च्या अभ्यासातच होता. ज्यांच्यात आधी पूर्ण परिणाम दिसला होता, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांत, मात्रा तीच असताना, पुढच्या तपासणीत तो उणावला होता. जन्मजात जनुके काही अशी मध्येच बदलत नाहीत!

मग साधी कारणे तपासली गेली. गोळी चुकवणे हे त्यांतले एक. आधी आयबुप्रोफेन घेतले तर ते विकरातील वाट अडवते आणि ॲस्पिरिन आत पोहोचत नाही, हे २००१ मध्ये कळले. २०१३ मध्ये ४०० निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाला त्रास होऊ नये म्हणून विशिष्ट आवरण दिलेल्या गोळीच्या एका मात्रेनंतर बरेच जण ‘प्रतिरोधक’ वाटले. साध्या गोळीनंतर तसा एकही आढळला नाही. औषध रक्तात उशिरा उतरत होते, एवढेच. शिवाय प्रत्येक पक्षाघात रक्तपट्टिकांमुळे होत नाही. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे तिथे बनलेली गुठळीही मेंदूत जाते, आणि तिच्यापुढे ॲस्पिरिन तोकडे पडते.

म्हणजे जनुकांना महत्त्वच नाही का? तसे नाही. क्लोपिडोग्रेल हे दुसरे औषध यकृतातील विकरांनी बदलल्यावरच काम करते. त्यांतील एका प्रमुख विकराचे जनुक कित्येक आशियाई लोकांत दुबळे असते. चीनमध्ये अशाच ६,४१२ रुग्णांवर चाचणी झाली व २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्वद दिवसांत क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांपैकी ७.६ टक्क्यांना, तर टिकॅग्रेलोर घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना पुन्हा पक्षाघात झाला. इथे जनुकापासून रुग्णापर्यंतची प्रत्येक पायरी दाखवता येते. ॲस्पिरिनला अशा रूपांतराची गरज नसते, आणि त्याच्या बाबतीत तशी साखळी पक्की जुळलेली नाही.

वर्गात जनुकशास्त्र शिकवताना ही दोन्ही उदाहरणे शेजारीशेजारी मांडावीत. ‘हे जनुकांमुळे होते’ असे कुणी म्हटले, तर आधी विचारावे: औषध घेतले का, ते रक्तात पोहोचले का, आणि आजार त्याच कारणाचा आहे का? एक सूचनाही मुलांमार्फत घरोघरी जावी. पक्षाघात रक्तस्रावामुळेही होतो, आणि तेव्हा ॲस्पिरिन घातक ठरू शकते. म्हणून गोळी सुरू करणे किंवा बंद करणे, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.